शिर-ग्रीवा कर्करोगातील विषाणुसंसर्ग : प्रगत अवस्थेतील रुग्ण आणि आपले कर्तव्य

प्रास्ताविक

तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्या नजरेसमोर प्रथम तंबाखू येते, आणि ते योग्यच आहे. तथापि अलीकडे रुग्णांचे नातेवाईक हातात तपासणीचा अहवाल घेऊन आपल्याकडे येतात आणि त्यात 'पी-१६ पॉझिटिव्ह' किंवा 'एचपीव्ही' असे शब्द असतात. "हा रोग व्हायरसमुळे झाला आहे, तर व्हायरस मारणारा काढा द्या," अशी त्यांची मागणी असते. या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर देता यावे, तसेच वसई-विरार पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्यांच्या व औषधविक्रेत्यांच्या हातून एकाही रुग्णाचा मोलाचा काळ वाया जाऊ नये, या हेतूने आम्ही प्रस्तुत विवेचन करीत आहोत.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून ओष्ठ, दंतमूळ, दंत, जिव्हा, तालू, कंठ व सर्वसर अशा सात अधिष्ठानांत त्यांची विभागणी केली आहे. वाग्भटाचार्यांनी ही संख्या ७५ मानली. तालुगत अर्बुद, तसेच कंठगत गलौघ, मांसतान व शतघ्नी यांची गणना सुश्रुताचार्य असाध्यात करतात. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा विचार एकत्र येतो, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मानेत आलेल्या गाठीपुढे वैद्याची खरी परीक्षा होते ती या चौघांचा भेद करण्यातच. अर्बुद स्थिर असते, खोल मूळ धरते, सावकाश वाढते, फारसे दुखत नाही आणि पिकत नाही. हे वर्णन आजच्या रुग्णाच्या मानेवर बोट ठेवतानाही तंतोतंत उपयोगी पडते.

विषाणूंविषयी मात्र थोडे सावध राहावयास हवे. संसर्गाने एका देहातून दुसऱ्या देहात जाणाऱ्या औपसर्गिक रोगांची कल्पना सुश्रुतसंहितेत आहे आणि कृमींचाही विस्तृत विचार आपल्या ग्रंथांत आहे. तरीही पॅपिलोमा विषाणू म्हणजेच अमुक कृमी, असे समीकरण मांडण्यास शास्त्राधार नाही. प्रत्येक व्याधीला नाव असलेच पाहिजे असे नाही, नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. हेतू, अधिष्ठान व दोषस्थिती जाणून कर्म आरंभावे, हाच त्याचा आशय होय. नव्या हेतूचा नव्याने अभ्यास करावा, जुन्या शब्दात तो कोंबू नये.

मूळ भार तंबाखूचाच

विषाणूंकडे वळण्यापूर्वी आपल्या भूमीतील वस्तुस्थिती ध्यानात घेऊ. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचे आद्य अभ्यासक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी लोकांच्या सवयी आणि त्यांच्या कर्करोगाचे स्थान यांतील संबंधाचा पाठपुरावा केला. डॉ. संघवी, डॉ. राव व डॉ. खानोलकर यांचा धूम्रपान व तंबाखू चघळणे यांवरील निबंध १९५५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीवर आधारलेला डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. मुखाच्या कर्करोगाविषयीचे मूलभूत ज्ञान मोठ्या प्रमाणात आपल्याच राज्यातील माणसांच्या तपासणीतून मिळाले आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी, खर्रा, मावा, चुना-तंबाखू आणि मशेरी यांची सवय सुटलेली नाही. वालीव-सातिवलीच्या कारखान्यातील कामगार असो, अर्नाळ्याचा मच्छीमार असो की पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावणारी आजी असो, गाल, हिरडी व जिभेच्या कडेचा कर्करोग आपल्याकडे प्रामुख्याने याच वाटेने येतो. अशा रुग्णात विषाणूचा वाटा अल्प असतो. 'व्हायरसमुळे झाले' असे म्हणून तंबाखूला मोकळे सोडणे हा रुग्णाचा व त्याच्या घरच्यांचा मोठा घात ठरेल.

विषाणूचा वाटा कोठे आहे

मानवी पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एचपीव्ही, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे डॉ. हॅराल्ड झूर हाउसेन यांनी दाखविले आणि त्याबद्दल त्यांना २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार घशातही कर्करोग उत्पन्न करतो. त्याचे आवडते स्थान म्हणजे मुखग्रसनी, अर्थात टॉन्सिल व जिभेचे मूळ. टॉन्सिलमधील खोल भेगांचे आवरण विरळ व जाळीदार असल्याने विषाणूला तेथे आधार मिळतो.

या संसर्गाची संप्राप्ती समजून घेणे अगत्याचे आहे. विषाणूची ई-६ व ई-७ ही दोन प्रथिने पेशीच्या दोन पहारेकऱ्यांना निकामी करतात. ई-६ मुळे पी-५३ नष्ट होते आणि ई-७ मुळे आरबी प्रथिनाचा लगाम सुटतो. लगाम सुटल्यावर पेशीत पी-१६ नावाचे प्रथिन साठू लागते. प्रयोगशाळेत याच पी-१६ ची तपासणी होते. अर्थात पी-१६ ही विषाणूची सावली आहे, प्रत्यक्ष विषाणू नव्हे. २०२३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या सुमारे साडेसात हजार रुग्णांच्या विश्लेषणात ९.२ टक्के रुग्णांत पी-१६ व प्रत्यक्ष विषाणू यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. म्हणून पी-१६ च्या अहवालासोबत विषाणूची स्वतंत्र तपासणी झाली असल्यास तीही पाहावी.

अमेरिकेत मुखग्रसनीच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग या विषाणूशी निगडित मानले जातात. आपल्याकडे हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. दिल्लीच्या एम्समधून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुखग्रसनीच्या १०५ रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के रुग्णांत विषाणू आढळला. म्हणजे आपल्या देशातही टॉन्सिलच्या दर चार-पाच रुग्णांत एक असा असू शकतो, आणि त्याने आयुष्यात तंबाखूला हातही लावलेला नसेल.

दुसरा विषाणू एपस्टाईन-बार होय. १९६४ साली त्याचा शोध लागला. नाकामागील घशाच्या, म्हणजे नासाग्रसनीच्या कर्करोगाशी त्याचा दृढ संबंध आहे. दक्षिण चीन व आपल्या ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, हा रोग अधिक दिसतो, महाराष्ट्रात विरळ. तरीही प्रौढ व्यक्तीचा एकच कान सतत दडे बसल्यासारखा राहणे, नाकातून वारंवार रक्त येणे आणि मानेत गाठ, ही त्रयी दिसल्यास त्याचे स्मरण ठेवावे.

'प्रगत' या शब्दाचा अर्थ बदलला आहे

आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथे आहे. मानेत मोठी गाठ दिसली की 'रोग फार पुढे गेला' असे आपण स्वाभाविकपणे म्हणतो. तंबाखूजन्य कर्करोगात ते बहुधा खरे असते. विषाणुजन्य रोगात मूळ व्रण टॉन्सिलच्या भेगेत लहानसा लपलेला असतो आणि मानेतील गाठ मात्र आधी मोठी होते. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीच्या टीएनएम वर्गीकरणात पी-१६ पॉझिटिव्ह मुखग्रसनी कर्करोगासाठी स्वतंत्र टप्पे केले गेले. मूळ व्रण लहान आणि गाठी त्याच बाजूच्या, सहा सेंटीमीटरपर्यंतच्या असतील, तर जुन्या पद्धतीत चौथ्या टप्प्यात जाणारा रुग्णही आता पहिल्या टप्प्यात मोजला जातो. दूरच्या अवयवांत प्रसार झाला असेल तरच चौथा टप्पा.

या बदलामागे अनुभव आहे. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील मुखग्रसनी रुग्णांना रेडिएशन व सिस्प्लॅटिन देण्यात आले होते. तीन वर्षांनी विषाणू असलेल्यांपैकी ८२.४ टक्के हयात होते, विषाणू नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांत हा लाभ उणावतो, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. सारांश, गाठ पाहून 'आता काही उरले नाही' असे बोलण्याचा अधिकार बायोप्सी होण्यापूर्वी कोणालाही नाही.

मात्र रोगाचा परिणाम चांगला म्हणून उपचार आपल्या मनाने कमी करता येत नाहीत. विषाणू असलेल्या रुग्णांत सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य मानले गेलेले सेटुक्सिमॅब देऊन पाहणारे दोन मोठे अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींत सेटुक्सिमॅब घेतलेल्यांचे जीवितमान घटलेले दिसले.

विषाणू मारणारे औषध का नाही

नातेवाइकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येते. संसर्ग आणि कर्करोग यांमध्ये बहुधा अनेक वर्षांचे, कित्येकदा दशकांचे अंतर असते. बहुसंख्य लोकांत हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो त्यांच्यापैकी थोड्यांच्याच पेशी बिघडतात. कर्करोग झाला त्या वेळी विषाणूची जनुके पेशीच्या कारभारात शिरलेली असतात. त्या टप्प्यावर विषाणूविरोधी गोळी, कृमिघ्न क्वाथ किंवा लस यांपैकी कशानेही अर्बुद नाहीसे होत नाही. चोर घरात शिरून घरमालक होऊन बसल्यावर अंगणाचे दार लावून काय उपयोग? शस्त्रकर्म, रेडिएशन व केमोथेरपी हेच मूळ उपचार राहतात.

रुग्णाच्या घरी दुसरी भीतीही असते. एकत्र जेवल्याने, एकच भांडे वापरल्याने किंवा सेवाशुश्रूषा केल्याने हा कर्करोग लागत नाही, हे स्पष्ट सांगावे. विषाणू शारीरिक संबंधातून, मुखाच्या संपर्कातूनही येतो. तथापि प्रौढ स्त्री-पुरुषांत तो इतका सार्वत्रिक आहे की कोणाला केव्हा लागला हे सांगता येत नाही. म्हणून पती-पत्नींमध्ये संशयाचे विष कालवणारा एकही शब्द वैद्याच्या तोंडून जाऊ नये.

आपल्या दवाखान्यात

पुढील चित्र डोळ्यांसमोर आणावे. पन्नाशीचे गृहस्थ, सुपारीचेही व्यसन नाही. मानेच्या एका बाजूस जबड्याच्या कोनाखाली लिंबाएवढी, न दुखणारी गाठ. घसा किंचित खवखवतो, इतकेच. ज्वर नाही. अशा रुग्णास गंडमाळ किंवा अपची समजून कांचनार गुग्गुळ सुरू होतो आणि 'दोन महिन्यांनी पाहू' असे सांगितले जाते. दुसरीकडे हीच गाठ क्षयाची समजून तपासणीविना क्षयाची औषधे सुरू झालेली दिसतात. दोन्ही ठिकाणी जातो तो काळ रुग्णाचा.

म्हणून आम्ही पुढील नियम सुचवितो :

१. चाळिशीपुढील व्यक्तीच्या मानेतील गाठ, ज्वर वा अन्य संसर्गाची लक्षणे नसताना दोन ते तीन आठवडे टिकली, तर ती अर्बुद नसल्याचे सिद्ध होईपर्यंत अर्बुदच समजावी. व्यसन नसणे हे आश्वासन मानू नये.

२. तोंड उघडून चांगल्या प्रकाशात पाहावे. दोन्ही टॉन्सिलांची तुलना करावी. हातमोजा घालून जिभेचे मूळ बोटाने चाचपावे. तेथील कठीणपणा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो.

३. एका बाजूचा घसा वा कान दुखणे, गिळताना अडखळणे, आवाज बसणे, तोंडातील व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा न होणे, तोंड तीन बोटांइतके न उघडणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पत्र देऊन पाठवावे.

४. अशा गाठीवर जळू, अग्निकर्म, क्षारकर्म, लेप किंवा छेद यांपैकी काहीही करू नये. गाठ उघडून घेतलेला तुकडा पुढील शस्त्रकर्म अवघड करतो. प्रथम सुईने नमुना घेणे हाच योग्य मार्ग.

५. विषाणुजन्य गाठीत पुष्कळदा पाणी भरलेले असते. सुईत केवळ द्रव आला आणि अहवालात 'कर्करोगाच्या पेशी नाहीत' असे लिहिले, तरी समाधान मानू नये. प्रौढ वयात मानेत प्रथमच उद्भवलेली पाण्याची गाठ ही संशयास्पदच असते.

विरारहून लोकलने दादर आणि तेथून परळचे टाटा रुग्णालय हा मार्ग आपल्या रुग्णांना दूरचा वाटतो, भीतीचा वाटतो. 'टाटाला पाठवले' म्हणजे सारे संपले, हा समज दूर करणे आपल्या हाती आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, ही माहिती पत्रासोबतच द्यावी.

चिकित्सेतील आपले स्थान

रुग्ण उपचारांसाठी गेला म्हणजे वैद्याचे काम संपले, असे नाही. रेडिएशनच्या काळातील मुखपाक, लालास्राव कमी होणे, अरुची व बलक्षय यांत आपली शुश्रूषा उपयोगी पडते. यष्टिमधू व मध यांच्या स्थानिक वापराचे लहान प्रमाणावरील अभ्यास आशादायक आहेत. सौम्य कवल-गंडूष, पेया, यूष, तूप यांची योजना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून करावी. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करवून घ्यावा. रेडिएशनपूर्वी दातांची तपासणी झाली की नाही, हे विचारावे.

सिस्प्लॅटिनचा भार वृक्कांवर पडतो. त्या काळात रसौषधी व धातुयुक्त कल्प टाळणे श्रेयस्कर. कोणतेही औषध डॉक्टरांपासून लपवून देऊ नये, रुग्णालाही लपवू देऊ नये.

ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. टाटा रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या औषधांना निव्होलुमॅबच्या दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम मात्रेची जोड देण्यात आली. नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही ही कमी आहे, त्यामुळे खर्चही तितकाच उतरतो. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. यापैकी बहुतेक रुग्ण तंबाखूच्या वाटेने आलेले असतात, आणि त्यांनाही आशा नाकारण्याचे कारण नाही.

औषधविक्रेत्यांस विनंती

तोंडातील व्रणासाठी रुग्ण बहुधा प्रथम दुकानात येतो. खदिरादि वटी, इरिमेदादि तेल किंवा मलम एकच व्यक्ती तिसऱ्यांदा मागत असेल, तर औषध देताना 'तपासून घ्या' हे शब्दही द्यावेत. मानेच्या गाठीसाठी कांचनार गुग्गुळ चिठ्ठीविना देऊ नये. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या सूचीत कर्करोगाचा समावेश आहे. 'कर्करोगावर रामबाण', 'एचपीव्ही नाशक' अशी पाटी, पत्रक वा मोबाइलवरील संदेश हा गुन्हा ठरतो, शिवाय त्याची किंमत रुग्ण आपल्या प्राणांनी मोजतो.

प्रतिबंध

निदानपरिवर्जन हे आपले आद्य सूत्र. तंबाखू व सुपारी सोडविणे हा प्रतिबंधाचा पहिला आणि मोठा भाग होय. विषाणूसाठी लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही स्वदेशी लस जुलै २०२२ मध्ये मान्य झाली. ती ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांवर असून मुली व मुले दोघांसाठी आहे. संसर्गापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, ती अधिक गुणकारी ठरते. कोस्टा रिकातील २०१३ सालच्या अभ्यासात लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये मुखातील १६ व १८ प्रकारांचा संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. घशाचा कर्करोग प्रत्यक्ष किती कमी होतो हे दिसण्यास काही दशके जावी लागतील. तोवर गर्भाशयमुखाच्या रक्षणासाठी तरी मुलींच्या पालकांना लसीचा सल्ला देण्यात वैद्याने संकोच करू नये.

सारांश

आपल्या भागात शिर-ग्रीवा कर्करोगाचा मुख्य हेतू तंबाखू व सुपारी हाच आहे. विषाणूचा वाटा टॉन्सिल व जिव्हामूळ या मर्यादित अधिष्ठानांत, पण निश्चित आहे. त्या रुग्णात व्यसनाचा इतिहास नसूही शकतो, व्रण लपलेला असतो, गाठ आधी दिसते आणि योग्य उपचारांनी परिणाम चांगला मिळतो. विषाणू सापडला म्हणून वेगळे औषध नाही, मात्र त्यामुळे रुग्णाला सांगावयाचे भविष्य बदलते. तीन आठवड्यांची मर्यादा प्रत्येक वैद्याने व विक्रेत्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. साध्य असलेला व्याधी कालहरणाने असाध्य होऊ देणे, हे चिकित्सकाच्या धर्मात बसत नाही.